डाव्या कोपऱ्यात मुंग्या

मारोतरावांना लकवा झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकताना उगाच जीव टांगणीला लागेल, आणि तेवढा जीव त्या संध्याकाळी सत्यवतीनं एकटीनं टांगून झालेला आहे.

ती कृष्णकांत डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली आहे. एका पायात चप्पल आहे, दुसरी कुठे पडली तिला ठाऊक नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसते आहे. बाजूला सासरे मारोतराव उभे आहेत, नवरा उभा आहे. सायकलरिक्षावाला आधी तिच्याकडे पाहतो, मग मारोतरावांकडे, आणि आत गेलेल्यांपैकी पेशंट कोण होता हे काही त्याला उमगत नाही.

तर शेवट असा आहे. आता मागे.

जरा डावीकडे

चौऱ्याऐंशी साल. धरमपेठेत ज्याच्या त्याच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सापळे उभे राहत होते. ज्यांच्या गच्चीवर सापळा नव्हता ते संध्याकाळी सापळेवाल्यांच्या घरी चपला काढत होते.

सत्यवतीचा नवरा रुपराव पाटबंधारे खात्यात लिपिक. त्यांच्या मनात टीव्ही आला तो स्वतःसाठी नव्हे, वडिलांसाठी. मारोतराव एस.टी.त कंडक्टर होते. नरखेड, काटोल, नागपूर हीच त्यांची लाईन. ज्या माणसाचा आवाज टपावर सामान चढवणाऱ्याला खालून ऐकू जायचा, तो माणूस बायको रंभाबाई गेल्यापासून जेवताना मीठसुद्धा बोटानं मागू लागला होता. रुपरावांना वाटलं, घरात कोणीतरी बोलणारं पाहिजे. टीव्ही बोलतो.

पण रुपराव साधा टीव्ही घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या हेडक्लार्ककडे बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं दिसत. एक जागच्या जागी आणि दुसरं गालावर. ते पाहून आल्यावर रुपरावांनी घरात जाहीर केलं, "घेईन तं असा घेईन का बाईच्या पापण्या मोजता आल्या पाहिजे."

"मोजून काय कराचं?" सत्यवतीनं विचारलं.

"काही कराचं नाही. पण आल्या पाहिजे."

बाजारातल्या ओमप्रकाशचं टीव्हीचं दुकान मोठं. त्याची पद्धत सरळ होती. "ले जाव, रुपराव. घरी लावा, चार दिवस पाहा. चित्र पसंत पडलं तर बोलू. नाही पडलं तर डब्बा वापस, चाय माझ्याकडून." म्हणून एक लाकडी पेटीचा, पुढे सरकणारी दारं असलेला काळा-पांढरा टीव्ही रिक्षात बसून घरी आला. दारांना छोटी किल्लीसुद्धा होती. रुपरावांनी ती जानव्याला बांधायचीच बाकी ठेवली होती.

इथे एक शब्द सांगितला पाहिजे. चित्र नीट येत नसलं की पडदाभर काळे-पांढरे ठिपके वळवळतात. त्याला सगळे मुंग्या म्हणायचे. आमच्याकडे मुंग्या आहेत, त्यांच्याकडे मुंग्या नाहीत, त्यांनी बूस्टर बसवला तर मुंग्या गेल्या. मराठीत हातापायाला येतात त्याही मुंग्याच. पण त्या वर्षी धरमपेठेत कोणी मुंग्या म्हटलं की लोक हाताकडे नाही, गच्चीकडे पाहायचे.

अजून

व्यवस्था अशी ठरली.

रुपराव गच्चीवर, अँटेनाचा पाइप हातात धरून. सत्यवती अंगणात, नळाच्या ओट्यापाशी. तिथून तिला वर नवऱ्याच्या पायजम्याचे पाय दिसत आणि दारातून आत सासऱ्यांचे गुडघे. टीव्ही दिसत नसे, त्याचा निळसर उजेड तेवढा भिंतीवर हलताना दिसे. आणि मारोतराव बैठकीत, खिडकीला लागून ठेवलेल्या खाटेवर, टीव्हीच्या बरोबर समोर. निकाल त्यांनी द्यायचा. टीव्ही त्यांच्यासाठी होता.

वर जाण्याआधी रुपरावांनी वडिलांना बजावलं, "बाबा, तुम्ही हलू नका. माणूस हलला का चित्र हलते. जसे बसले तसेच बसून राहा."

मारोतराव जसे बसले तसेच बसून राहिले.

गच्ची: आलं काय?
अंगण: आलं काय, मामाजी?
बैठक: आल्या.
अंगण: आल्या म्हणतात!
गच्ची: काय आल्या?
अंगण: काय आल्या, मामाजी?
बैठक: मुंग्या.
अंगण: मुंग्या आल्या!
गच्ची: हात्तीच्या! आता पाहा. आता?
अंगण: आता?
बैठक: आहेत.
गच्ची: आता?
बैठक: आता तं जास्तच.
गच्ची: कुठं आहेत विचार! वर का खाली?
अंगण: मामाजी, वर का खाली?
बैठक: डाव्या कोपरात. तिथून खाली.
अंगण: डाव्या कोपऱ्यात! तिथून खाली!

आवाजाला गच्चीपर्यंत पोचायला बैठक, उंबरठा, अंगण, जिना एवढं ओलांडायचं होतं. वाटेत एखादं अक्षर जाड झालं तर कोणाला कळणार?

रुपराव घामाघूम होऊन खाली आले. टीव्हीसमोर उभे राहिले. पडद्यावर एक गृहस्थ टेबलावर हात ठेवून बोलत होते, आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचे काटेसुद्धा दिसत होते.

"बाबा, मले तं साफ दिसून राहिलं."

"तुले नसतील," मारोतराव म्हणाले. "मले आहेत."

रुपराव त्यांच्या शेजारी खाटेवर टेकले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एक डोळा मिटून पाहिलं. "इथूनही साफ आहे."

चार शब्द बोलून मारोतरावांचा त्या दिवसाचा कोटा संपला होता.

रात्री जेवताना रुपराव बायकोला कौतुकानं सांगत होते, "नजर पाहा तरी बाबांची! मले चष्मा लावून नाही दिसत. गर्दीत खोटं नाणं पकडे तो माणूस. त्याईले कोण फसवन?"

सत्यवतीनं मान हलवली. तिनं फक्त एक पाहिलं होतं. मामाजी रोज चहा बशीत ओतून प्यायचे. डाव्या हातावर बशी, उजव्या हातात कप. आज बशी खाटेवरच राहिली आणि चहा कपातून प्यायला गेला. तिला वाटलं, घरात टीव्ही आला तर माणसं साहेबासारखी चहा पिऊ लागली.

गेलं!

ओमप्रकाशनं लाकडी पेटी परत घेतली, पण त्याचा चेहरा पडला.

"मुंगी? या सेटमध्ये? रुपराव, इसमें तो चींटी का बच्चा भी नहीं आता."

"आमच्या बाबांले दिसल्या."

"बाबूजी का चश्मा—"

"बाबांले चश्मा नाही," रुपराव अभिमानानं म्हणाले.

दुसरा सेट लाल प्लॅस्टिकचा, लहान, वर दोन शिंगं असलेला. त्याचं चित्र चांगलं होतं, पण ते वर सरकायचं. बाईचं डोकं वरच्या काठातून निघून जायचं आणि खालच्या काठातून पुन्हा उगवायचं.

बातम्या सांगणारी बाई हसली.
बातम्या सांगणारी बाई हसली.
बातम्या सांगणारी बाई

मागचं एक बटण थोडं फिरवलं की ती थांबे. ती थांबली, आणि रुपराव गच्चीवर गेले.

शेजारच्या इंदूबाईंची हनुवटी कंपाउंडच्या भिंतीवर आली. "काय वं सत्यवती, टीव्ही पाहून राहिले का कबुतरं उडवून राहिले? तीन दिवस झाले, तुहा नवरा वरच."

"तुम्ही या ना, इंदूबाई. पाइप धरा."

"मी कायले? माह्या घरी सोळा वर्षांचा रेडिओ आहे. कान पिळला का बोलते. त्याले गच्चीवर कोणी जात नाही."

"आता?" गच्चीवरून आवाज आला.

"आता, मामाजी?"

"आहेत," बैठक म्हणाली.

"कमी का जास्त?"

"पहिल्यापेक्षा जास्त. आता तं बोटं गेली."

"काय गेलं म्हणतात?" गच्ची ओरडली.

सत्यवतीच्या एका कानात इंदूबाई होत्या. दुसऱ्या कानात जेवढं शिरलं तेवढं तिनं वर पाठवलं. "गेलं म्हणतात!"

लाल डब्बा परत गेला.

हलू नका

तिसरा सेट घेऊन ओमप्रकाश स्वतः आला. आता प्रश्न त्याच्या दुकानाच्या अब्रूचा होता. त्यानं डब्बा स्वतः उचलून मेजावर ठेवला, रुमालानं काच पुसली, आणि मारोतरावांना वाकून नमस्कार केला. जणू बाबूजी टीव्हीचे मोठे इन्स्पेक्टर होते.

"भाभीजी, हा रंगीत. आणि काच पाहा, एकदम सपाट. बाकी सगळ्या सेटची काच पोट निघालेली असते. समोर बसला तो राजा, आणि बाजूला बसला त्याला हीरोचं तोंड भोपळ्यासारखं. याच्यात तसं नाही. कोपऱ्यातली गोष्ट कोपऱ्यातच दिसणार, वाकणार नाही. सपाट काचेत जे आहे ते आहे." मग मारोतरावांकडे वळून, हात जोडून, "बाबूजी, आता यात मुंगी दाखवली तर मी टीव्ही सोडून दुकानात किराणा विकतो."

मारोतराव काचेकडे पाहत होते. अजून टीव्ही सुरू नव्हता. त्या हिरवट-काळ्या सपाट काचेत खिडकी होती, खाट होती आणि खाटेवर एक म्हातारा होता. त्याचा डावा हात खिडकीच्या चौकटीवर होता.

ओमप्रकाश गेला. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. गव्हाचा हिरवा रंग इतका हिरवा होता की सत्यवती ओल्या हातांनी आत येऊन पाहत उभी राहिली. "हिरवं दिसून राहिलं, मामाजी!"

"हाव. चांगलं आहे."

"मग पसंत?"

"चांगलं आहे," ते पुन्हा म्हणाले. मग थोडं थांबून, जणू ओमप्रकाशच्या नमस्काराला कमीपणा येईल अशा संकोचानं, हळू आवाजात म्हणाले, "पण मुंग्या यानंही येतात, बाई."

तिला पडद्यावर एकही ठिपका दिसला नाही. पण मामाजींची नजर. तिनं दारातून वर हाक दिली, रुपरावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पाइप धरला. ती अंगणात आपल्या जागी गेली.

"बाबा, हलू नका!"

"आता?"

"आहेत!"

"आणि आता, असा थोडा उजवीकडे केला तर, हा असा, आता पाहा बरं, आता चित्र एकदम

उजेड अजून बाहेर भरपूर होता. म्हणून अंगणात काही कळलं नाही आणि गच्चीवर तर नाहीच नाही.

"आता?" रुपराव ओरडले.

"आता, मामाजी?"

"आहेत."

"आहेत म्हणतात!"

"आता?"

"आता, मामाजी?"

"आहेतच ना, बाई."

"आहेतच म्हणता—"

सत्यवतीचं वाक्य तोंडातच राहिलं. पलीकडे इंदूबाईंचा सोळा वर्षांचा रेडिओ एका गाण्याच्या मध्येच गप्प झाला होता. दारातून दिसणाऱ्या भिंतीवरचा निळा उजेड नव्हता. लाइट गेली होती. कधीची गेली होती.

ती आत गेली. टीव्ही बंद होता. सपाट काच काळी होती. समोर मामाजी हलू नका सांगितल्यासारखे बसले होते.

"मामाजी, लाइट गेली."

"हाव. गेली."

"मग मुंग्या कुठं आहेत?"

मारोतरावांनी उजव्या हातानं डावा हात उचलला. दुसऱ्या कोणाची वस्तू उचलावी तसा उचलला, आणि तिच्यापुढे धरला.

"ह्या काय. कोपरापासून खाली. आणि ही करंगळी, ही तं माही आहे असं वाटतच नाही आता."

(इथे चित्र वर सरकतं)

आईला आधी मुंग्याच आल्या होत्या.

आईला आधी मुंग्याच आल्या होत्या. सत्यवतीच्या माहेरी, नरखेडजवळच्या गावी, कापूस वेचणीची घाई होती आणि जिजाबाई म्हणत होत्या, हाताले मुंग्या येतात वं. सगळे म्हणाले, येतात, वेचून वेचून येतात.

आईला आधी मुंग्याच आल्या होत्या. मग एका सकाळी तोंड वाकडं झालं आणि डावी बाजू गेली. मग खाट. दोन वर्षं खाट. तोंडात भरवलेल्या पेजेची धार ओठाच्या त्या कोपऱ्यातून गळायची, आणि सत्यवती ती पुसायची. पुसायची आणि मनात म्हणायची, सांगत होती ना, सांगत होती ना ती.

आईला आधी

सत्यवती अंगणात धावली. आजवर ती फक्त आतलं वर आणि वरचं आत पोचवत होती. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलली.

"खाली या!"

"चित्र आलं काय?"

"चित्र गेलं खड्ड्यात! खाली या म्हणते ना!"

पाइप सुटल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून रुपराव.

"इंदूबाई, घराकडे पाहा!" ओरडत तिनं मामाजींच्या दंडाला धरलं. मारोतराव विचारत होते, काहून, कुठं, सदरा तं बदलू दे.

रिक्षात ती सासऱ्यांशेजारी बसली. एरवी ती असं कधी बसली नसती. रुपराव सायकलवर पुढे, मागे वळून वळून पाहत. मामाजींचा डावा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि सोडायला तयार नव्हती.

"मामाजी, हसून दाखवा."

"काहून?"

"हसा म्हणते ना मी!"

मारोतराव घाबरले. सुनेचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. ते हसले. रंभाबाई गेल्यापासून वापरात नसलेलं ते हसू जरा अडखळत आलं. तोंड सरळ होतं का? रस्त्यात खड्डे होते, रिक्षा उडत होती, मामाजींचे ओठ उडत होते.

"पुन्हा हसा."

ते पुन्हा हसले.

"असेच राहा."

लक्ष्मीभुवनाच्या चौकापर्यंत मारोतराव हसत गेले. रस्त्यात त्यांना ओळखणारे जुने लोक भेटले. इतक्या महिन्यांनी मारोतराव हसताना दिसतात म्हणून त्यांनीही हसून हात केले. एक जण तर सायकलवरून उतरला. "काय मारोतराव, बरे दिसून राहिले!"

"बरा आहो," मारोतराव हसत म्हणाले, कारण सुनेनं बंद करायला सांगितलं नव्हतं.

आलं

कृष्णकांत डॉक्टर घाई करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मारोतरावांना हसायला लावलं ("आताच हसलो," मारोतराव म्हणाले, "सगळ्या रस्त्यानं"), जीभ काढायला लावली, दोन्ही हात डोळे मिटून समोर धरायला लावले. त्यांची बोटं आपल्या मुठीत घेऊन म्हणाले, दाबा. दाबली. डॉक्टरांनी ओठ चावला. जोर होता.

"मुंग्या सगळ्या हाताला की काही बोटांना?"

"करंगळी. अन् तिच्या बाजूचं. अंगठा बरा आहे."

डॉक्टरांनी मग त्यांचा डावा हात वाकवला आणि कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेत, एका बोटानं टकटक केलं.

"आईऽऽगं!" मारोतराव खुर्चीतून उठलेच. गाडीतला तो जुना आवाज. बाहेर बसलेलं एक लहान पोर रडायला लागलं.

"करंगळीपर्यंत झटका गेला?"

"पार टोकालोक!"

डॉक्टर मागे टेकले आणि हसले. डॉक्टर हसतात तेव्हा सगळं सांगून झालेलं असतं, पण सत्यवतीला खात्री हवी होती. ती उभीच होती.

"बसा, वहिनी. लकवा नाही. काहीही नाही. इथून एक नस जाते, कातडीच्या अगदी लगोलग. कोपर कडक वस्तूवर खूप वेळ टेकलं की ती दबते आणि ही दोन बोटं झोपी जातात. टेकणं थांबवा, थोड्या दिवसांत जागी होतील. काका, कोपर कुठे टेकता तुम्ही?"

"खिडकीत."

"किती वेळ?"

"दिवसभर." मारोतराव जरा लाजले. "असं आहे डॉक्टर, कंडक्टरले खिडकीची सीट कधी भेटत नाही. सगळ्याईले देली, मी उभा. आता रिकामा आहो तं बसतो खिडकीत. हात बाहेर टाकून. लोक जातात, येतात. बरं वाटते."

"रोज बसता, मग आताच का त्रास झाला?"

"रोज मंधी मंधी उठतो ना मी. पाणी पितो, फाटकालोक जातो. हे टीव्ही आले तेव्हापासून हलाले मनाई आहे." त्यांनी रुपरावांकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. "हलू नका म्हणते हा. तं मी नाही हललो."

रुपराव म्हणाले, "बाबा, मंग तुम्ही सांगाचं ना!"

"सांगून तं राहिलो होतो! रोज सांगितलं. तू विचारे आलं काय, मी म्हणो आल्या. तू विचारे कुठं, मी म्हणो डाव्या कोपरात."

"कोपऱ्यात!" सत्यवतीच्या तोंडून निसटलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "मी कोपऱ्यात म्हटलं, मामाजी. मीच म्हटलं."

"मले वाटलं," मारोतराव शांतपणे पुढे सांगत होते, आणि रंभाबाई गेल्यानंतर ते एका दमात इतकं कधी बोलले नव्हते, "मले वाटलं त्या डब्ब्याचा करंट माह्याकडे येते. त्यानं हाताले मुंग्या येतात. म्हणून तू गच्चीवर जाऊन त्याचं तोंड दुसरीकडे फिरवून राहिला. तरी जात नाही म्हणून तू डब्बाच वापस केला. दुसरा आणला. त्यानंही येतात म्हटलं तं तोही वापस. अन् तो दुकानदार माह्या पाया पडला. म्हटलं, एका हाताच्या मुंग्यांसाठी एवढे लोक धावून राहिले. आता अजून काय बोलू मी?"

रुपराव टेबलावरचा पेपरवेट पाहत होते.

कृष्णकांत डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "काका, निदान तुमचंच बरोबर आहे. मुंग्या टीव्हीनंच आणल्या. मला कोणी इतकं बिनचूक सांगत नाही."

तेव्हा सत्यवती बाहेर आली. पायऱ्यांवर बसली. हसू आलं ते पदरात मावेना.

घराजवळ आले तेव्हा दिवे लागले होते. आणि गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या खिडकीला चिकटलेली होती.

लाइट परत आली तेव्हा टीव्ही सुरूच राहिलेला होता. इंदूबाईंना घराकडे पाहायला सांगितलं होतं, आणि त्या पाहत होत्या, बैठकीत खाटेवर, पाय वर घेऊन. बाकीच्यांना त्यांनी खिडकीतून परवानगी दिली होती.

"या, या," त्या घरच्यांनाच म्हणाल्या. "काय चित्र आहे बाप्पा! त्या नाचणाऱ्या बाईच्या बांगड्या मोजल्या मी." मग मारोतरावांकडे पाहून एकदम खाली उतरल्या. "कसं आहे भाऊजींले? काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही," रुपराव म्हणाले. "नस दबली होती."

"बस? अन् तुही बायको एका चपलेनं धावली? दुसरी इथं दारात पडून आहे." इंदूबाईंनी हात कपाळाला लावून वर कोणाला तरी नमस्कार केला आणि मग पुन्हा खाटेवर चढल्या. "मंग गाणं होऊ द्या."

खिडकीतल्या लोकांना रुपरावांनी आत बोलावलं. सतरंजी घातली. मारोतरावांसाठी भिंतीपाशी लोड ठेवला, त्यावर उशी, उशीवर दुसरी उशी. मारोतराव बसले, दोन घटकांनी उठले, फाटकापर्यंत जाऊन आले. कोणी हलू नका म्हटलं नाही.

सत्यवती स्वयंपाकघरात गेली. एवढ्या माणसांचा चहा ठेवायचा होता. तिनं पातेलं घेतलं, नळ सोडला, आणि पातेलं भरून वाहू लागलं तरी तिला नळ बंद करायचं सुचेना. मघापासूनचं हसू कुठंतरी संपलं होतं आणि त्याखाली जे होतं ते आता वर येत होतं.

नळ बंद झाला. मामाजींनी केला होता, उजव्या हातानं.

"काय झालं वं बाई?"

"काही नाही, मामाजी."

"काही नाही म्हणू नको." ते दारातच पाटावर बसले. "मले काही नव्हतं तरी मी इतके दिवस सांगत होतो. तुले काहीतरी आहे अन् तू सांगून नाही राहिली. रिक्षात काहून हसवलं मले तेवढं?"

बाहेर सगळे एकदम टाळ्या वाजवत होते. टीव्हीतल्यांना, की आपापसात, कोण जाणे.

"माह्या आईचं तोंड," सत्यवती म्हणाली, आणि थांबली.

मारोतरावांनी घाई केली नाही.

"बस," ते म्हणाले. "चहा नको ठेवू आता. लोक टीव्ही पाहून राहिले, त्याईले काही लागत नाही. बस अशी इथं."

ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली, आणि मग पहिल्यापासून, वेचणीच्या दिवसांपासून, सांगू लागली.